दहावीच्या जुलैत हायडलबर्ग

युरोपातील भाषाशाळांचे उन्हाळी वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये भरतात आणि महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, ही साधी गोष्ट माहितीपत्रकातील नदी आणि किल्ल्याची छायाचित्रे पाहताना सहसा लक्षात येत नाही. आपली उन्हाळ्याची सुट्टी संपून पाऊस सुरू होतो, तेव्हा त्यांचा उन्हाळा भरात येतो. त्यामुळे ज्याला ते ‘उन्हाळी शिक्षण’ म्हणतात, ते माझ्या बाबतीत दहावीच्या वर्षातून काढलेल्या रजेत घडले.

पुण्यात आमच्या शाळेत आठवीपासून जर्मन हा पर्यायी विषय आहे. नववीत असताना मी शाळकरी मुलांसाठी असलेली ए-१, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले. तिच्यात श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. त्यानंतर आमच्या जर्मनच्या बाईंनी जर्मनीतील हायडलबर्ग येथील एका भाषाशाळेच्या निवासी वर्गाची माहिती दिली. ‘शाळा : भविष्यातील भागीदार’ या २००८ साली सुरू झालेल्या जर्मन सरकारी उपक्रमात जगभरातील सुमारे २,००० शाळा असून त्यांच्या विद्यार्थ्यांना अशा वर्गांसाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. आमची शाळा त्यात नसल्यामुळे फी, विमानभाडे आणि विमा हा सगळा खर्च घरूनच करावा लागणार होता. तो लाखांच्या घरात जातो, हे कोणत्याही पालकाने आरंभीच धरून चालावे.

घरात चर्चा झाली ती पैशांपेक्षा वर्षाची. “दहावीच्या वर्षी कोणी परदेशात जाते का?” हा प्रश्न आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांनी विचारला आणि तो अगदीच गैर नव्हता. परंतु दहावी झाल्यावर जाण्याचा पर्याय मला अधिक अवघड वाटला, कारण बोर्डाच्या निकालानंतर अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सुरू होतात, त्यांच्या फेऱ्या लांबत जातात आणि यादीत नाव लागले की ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात प्रवेश निश्चित करावा लागतो. त्या काळात मुलगी परदेशात असणे आई-बाबांना परवडणारे नव्हते. मुख्याध्यापिकांनी शेवटी एका अटीवर रजा मंजूर केली : बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाची पहिली काही प्रकरणे मी एप्रिल-मे महिन्यांतच पूर्ण करावीत आणि बुडालेले प्रयोग परतल्यावर करून द्यावेत.

कागदपत्रांचे काम आम्ही जानेवारीत हाती घेतले. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातील काम फारसे कठीण नव्हते. अल्पवयीन अर्जदारासाठी आई आणि वडील दोघांच्या सह्यांचे विहित नमुन्यातील घोषणापत्र लागते, तेवढे नीट तयार असले की पुढचे सुरळीत होते. व्हिसाचे प्रकरण मात्र अधिक लांबले. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या वर्गासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांना चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा, पुरतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. सहा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात, पण प्रवेशपत्र हातात आल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, फी भरल्याशिवाय प्रवेशपत्र येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये युरोपला सहलीसाठी निघालेल्या कुटुंबांची इतकी गर्दी असते की अपॉइंटमेंट मिळणेच दुरापास्त होते. आम्ही प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच वेळ आरक्षित केली.

अल्पवयीन विद्यार्थ्याच्या अर्जात नेहमीच्या कागदांखेरीज बरेच काही जोडावे लागते : दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र, जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड आणि रजेचे पत्र, राहण्या-जेवण्याची सोय स्पष्ट करणारे भाषाशाळेचे पत्र, पालकांच्या बँक खात्यांचे उतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे, शिवाय किमान ३०,००० युरो संरक्षण असलेला वैद्यकीय प्रवास विमा. आमच्याकडे अडचण निघाली ती नावांची. माझ्या जन्मदाखल्यावर आईचे सासरचे नाव आहे आणि तिच्या पासपोर्टवर माहेरचे. मराठी घरांत ही स्थिती इतकी सर्रास आढळते की तिचे कोणाला काही वाटत नाही. परंतु मुलीला एकटीने परदेशी पाठवण्यास संमती देणारी स्त्री तिची आईच आहे, हे कागदावरून सिद्ध करायचे असते तेव्हा दोन नावे म्हणजे दोन व्यक्ती ठरतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडल्यावर अर्ज पूर्ण झाला. बारा वर्षांवरील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जात असल्यामुळे व्हिसा केंद्रात मला स्वतः हजर राहावे लागले. शाळा सुरू झाल्यानंतर, जूनच्या उत्तरार्धात, पासपोर्ट व्हिसासह परत आला.

प्रवासाविषयी फार सांगण्यासारखे नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान होते. संमतिपत्र आणि प्रवेशपत्र सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवण्याचा बाईंचा सल्ला उपयोगी पडला, कारण तेथील अधिकाऱ्याने नेमके तेच दोन कागद मागितले. भाषाशाळेचा माणूस नावाची पाटी घेऊन बाहेर उभा होता आणि फ्रँकफर्ट ते हायडलबर्ग हे साधारण ८० किलोमीटरचे अंतर आम्ही बसने पार केले.

पोहोचल्यावर पातळी ठरवणारी चाचणी झाली आणि मला ए-२ च्या वर्गात बसवण्यात आले. सकाळी वर्ग, दुपारनंतर शहर किंवा खेळ, असा दिवस असे. वर्गात इटली, स्पेन आणि तुर्कस्तानातील मुले बहुसंख्य होती. इटालियन मुलांना जर्मनमधील तीन लिंगे फार जाचत; मराठीत नपुंसकलिंग असल्यामुळे मला त्या कल्पनेचे नवल नव्हते, मात्र कोणत्या शब्दाचे लिंग कोणते हे मलाही त्यांच्याइतकेच पाठ करावे लागत होते. शिकवणे उत्तम होते. विद्यापीठाचा जुना विद्यार्थी-तुरुंग आहे, तेथे आम्हाला नेले. १३८६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः कोठडीत टाकण्याचा अधिकार होता आणि १९१४ पर्यंत तो वापरला जात होता. कोंडलेल्या मुलांनी भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकले आहे. त्यांपैकी एक चित्र निवडून त्या मुलाने काय केले असेल हे भूतकाळात सांगा, असा आमचा त्या दिवशीचा पाठ होता. क्रियापदांची भूतकाळी रूपे मला शाळेतील तक्त्यांपेक्षा त्या कोठडीत अधिक पक्की कळली.

एका गोष्टीची कल्पना मात्र कोणी दिली नव्हती. हायडलबर्ग ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे, तेथील शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीस सुरू होते. जर्मनीतील १६ राज्ये आपापल्या सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना देतात आणि हे राज्य सर्वांत उशिरा सुट्टी देणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे मी माझी शाळा सोडून ज्या देशात गेले होते, तेथील माझ्या वयाची मुले त्या वेळी शाळेतच होती. वसतिगृहात जर्मन मुलगा-मुलगी एकही नव्हते, आणि जेथे पाच-सहा देशांची मुले एकत्र राहतात तेथे संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर इंग्रजीच सुरू होते. भारतीय विद्यार्थ्याची गैरसोय येथे उलटी आहे : आपले इंग्रजी इतरांपेक्षा बरे असल्यामुळे सगळे आपल्याकडेच दुभाषा म्हणून पाहतात. सेमी इंग्रजीत शिकलेल्या मला पहिल्या आठवड्यात या मानाचे अप्रूप वाटले. नंतर मी आणि खोलीतील तुर्की मुलीने आपसांत केवळ जर्मन बोलण्याचे ठरवले, कारण तिला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते आणि मला तुर्की. माझ्या जर्मनमध्ये जी काही सुधारणा झाली, तिचे निम्म्याहून अधिक श्रेय मी तिलाच देते.

जेवणाचा प्रश्न आई समजत होती तितका बिकट नव्हता. दुपारी शाकाहारी गरम पदार्थ मिळे. संध्याकाळी साडेसहाला मात्र पाव, चीज आणि काकडी एवढेच असे, आणि बाहेर रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असल्यामुळे झोपण्यापूर्वी पुन्हा भूक लागे. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच फळे आणून ठेवावी लागत.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपले गाव आणि हायडलबर्ग यांना जोडणाऱ्या एखाद्या विषयावर जर्मनमध्ये बोलायचे होते. मी ग्युंथर सोन्थायमर यांच्याविषयी बोलले. हायडलबर्ग विद्यापीठाच्या १९६२ साली स्थापन झालेल्या दक्षिण आशिया संस्थेत अध्यापन करणाऱ्या या अभ्यासकाने महाराष्ट्रातील धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या गोळा केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर १९७६ साली जर्मनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९२ साली त्यांचे निधन झाले. आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा असल्यामुळे भंडारा आणि तळी यांविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. शब्द मात्र अपुरे पडले. आमच्या शिक्षिकेने व्याकरणातील चुका नंतरसाठी राखून ठेवल्या आणि मेंढपाळांचा देव घोड्यावर का बसतो, असे विचारले. त्याचे उत्तर मला मराठीतही नीट देता आले नसते. घरी फोन करून आजीला विचारले आणि दुसऱ्या दिवशी तिने सांगितलेली मणी-मल्लांची कथा मोडक्या जर्मनमध्ये वर्गाला ऐकवली. तीन आठवडे बोलण्याचे टाळणाऱ्या एका स्पॅनिश मुलाने त्या दिवशी प्रथमच प्रश्न विचारला.

परतल्यावर सोपे नव्हते. पहिली घटक चाचणी तोंडावर आली होती, विज्ञानाचे प्रयोग मधल्या सुट्टीत आणि शनिवारी करावे लागले, आणि इतिहासाची जी प्रकरणे मी सुट्टीत वाचली नव्हती ती मैत्रिणीच्या वहीवरून पूर्ण केली. भाषाशाळेने दिलेले प्रमाणपत्र उपस्थिती आणि पातळी यांची नोंद करते. पुढील शिक्षणासाठी जे ग्राह्य धरले जाते, ते स्वतंत्र परीक्षेचे. ती ए-२ ची परीक्षा मी पुण्यातच दिली आणि संभाषणाच्या भागात मला सर्वाधिक गुण मिळाले.

धाकटा भाऊ आता सातवीत आहे आणि पुढच्या वर्षी तोही जर्मन घेणार आहे. अशा वर्गांना बहुधा चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, म्हणून त्याने आठवी संपल्यावरच्या जुलैतच जावे, दहावीची वाट पाहू नये, असे मी घरी सांगितले आहे. त्याचा पासपोर्ट या दिवाळीत काढायचा असून आईने तोपर्यंत स्वतःच्या पासपोर्टवरील नाव बदलून घेण्याचे ठरवले आहे.