गोकाकच्या दगडात कृमींची बिळे शोधण्याआधी

गोकाक धबधब्याच्या आसपासच्या वालुकाश्मात लहरखुणा छान दिसतात. त्यांच्या खोबणीत एखादी नागमोडी रेघ दिसली की कृमीची वाट सापडली असे वाटू लागते. तिथे थोडे थांबावे. कलादगी-बदामी गटाचे हे खडक कॅम्ब्रियन या भूकालखंडाच्याही आधीचे, म्हणजे अशी बिळे करणारे प्राणी येण्यापूर्वीचे. ट्रेप्टिक्नस पेडम हे फांद्या फुटलेले बीळ जिथे पहिल्यांदा दिसते तिथून कॅम्ब्रियन सुरू झाला असे मानतात, म्हणजे सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी. निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड तर लाव्ह्याचा, तिथे शोधायलाच नको.

रेघ तपासायची ती सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, दगड ओला करून, दहापट भिंगाने. रुंदी पाच-सहा ठिकाणी मोजा. चिखल आकसून पडलेली भेग टोकाकडे निमुळती होते आणि छेदात बहुधा पाचरीसारखी दिसते. बिळाची रुंदी जवळपास तेवढीच राहते, कारण ती अंगाच्या जाडीवर ठरते. आत चंद्रकोरीसारखे थर असतील तर प्राणी पुढे सरकताना माती मागे दाबत गेला; कोरीची खोलगट बाजू सहसा तो गेला त्या दिशेला असते.

खाण्याची रीत आकारातून कळते. लाटांच्या उथळ वाळूत अन्न पाण्यात तरंगते, म्हणून तिथे स्कोलिथोससारखी उभी नळी: बिळात राहायचे, वरचे गाळून खायचे. खोल समुद्रात अन्न तुटपुंजे आणि गाळात पातळ पसरलेले. तिथे नांगराच्या तासांसारखी लगत वळणे येतात. जुन्या वाटेला चिकटून राहायचे, पण ती ओलांडायची नाही, कारण तिथला गाळ खाऊन झालेला असतो. हे नियम संगणकाला दिले की तशीच नक्षी उमटते, हे रॉप आणि झाइलाखर या जीवाश्मतज्ज्ञांनी १९६९ साली दाखवले. कृमीला नकाशा लागत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खूण खरोखर प्राण्याची की नाही, यावर जाणकारांतही वाद होतो. मध्य प्रदेशातील चोरहाट वालुकाश्मातल्या खुणा १९९८ साली झाइलाखर आणि सहकाऱ्यांनी कृमींच्या म्हणून मांडल्या. पुढे खडकाचे वय सुमारे १६० कोटी वर्षे निघाले आणि त्या प्राण्यांच्या आहेत हे बहुतेकांना पटले नाही. खात्रीची बिळे पाहायची असतील तर कच्छच्या जुरासिक खडकांत पाहावीत.