मिठाचा पुडा आणि दादरची भाकरी

मिठाचा नवीन पुडा फोडला की मी त्याच्यावर पेनाने तारीख टाकते. दोन वर्षं झाली ही सवय लागून. सुरुवात बीपीपासून झाली. माझं १५०/९५ निघालं आणि त्याच रिपोर्टमध्ये एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, म्हणजे शुगर अजून घरात आलेली नाही पण दारच्या ओट्यावर येऊन बसलीये (५.७ ते ६.४ असेल तर प्रीडायबेटिस म्हणतात). वय तेव्हा ४३. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, ताई मीठ कमी करा, साखर कमी करा, रोज चाला. मी म्हटलं डॉक्टर, मी तर घरचंच खाते, बाहेरचं महिन्यातून एखाद्या वेळी. तर ते म्हणाले, घरात मीठ किती लागतं ते एकदा मोजून बघा.

म्हणून तो पुडा. आम्ही घरात पाच जण, मी, हे, आबा-आई म्हणजे सासू-सासरे, आणि मुलगा. एक किलोचा पुडा १९ दिवसांत संपला. हिशेब केला तर माणशी रोज साधारण साडेदहा ग्रॅम, थोडंफार भांड्याला लागून, पाण्यात वाहून जातं म्हणा, पण तरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभरसुद्धा नाही, आणि त्यात सगळं आलं, भाजी, वरण, लोणचं, पापड, सगळं. आणि माझ्या हिशेबात उन्हाळ्यातल्या उडदाच्या पापडांचं आणि बिबड्यांचं मीठ धरलेलंच नव्हतं, त्याला वेगळा पुडा आणतो आम्ही. पापडखार वेगळाच, तोही सोडियमच की. बाजारातली शेव, फरसाण, टोस्ट यांचा तर विचारच नको. मी त्या रात्री वहीत हे आकडे मांडून बसले होते आणि खरं सांगते, मला भीती वाटली, माझ्यापेक्षा घरातल्या बाकीच्यांची, कारण सगळ्यांच्या ताटात मीठ टाकणारा हात माझा एकटीचा.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, एका दिवसात निम्मं. संध्याकाळी गिलक्याची भाजी आणि वरण. आबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "भाजीमा मीठ टाकाले भुली गयी का?" मी नाही म्हटलं, मुद्दाम कमी टाकलंय, तर काही बोलले नाहीत पण ताटात भाजी तशीच राहिली. ह्यांनी वरून मीठ घेतलं, आणि वरून घेतलं की हाताला अंदाज राहत नाही, भाजीत टाकलं असतं त्यापेक्षा जास्तच गेलं असेल. मुलाने लोणच्याची बरणी ओढली. मला स्वतःला ती भाजी ओल्या कापसासारखी लागत होती. चार दिवस असं चाललं आणि पाचव्या दिवशी मीच हरले, पूर्वीइतकं मीठ टाकलं आणि सगळे पोटभर जेवले, आणि मला ते बघून बरं वाटलं हे पण लिहायला पाहिजे.

नंतर मी काम करते त्या शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं (तिच्या वडिलांना किडनीचा त्रास आहे), अगं एकदम नको, कळणार नाही असं कमी कर. तेव्हा मी मोजायचा चमचा आणला. भाजीला दोन चमचे लागत असेल तर पावणेदोन, तसं तीन आठवडे, मग दीड. कोणाला काही सांगितलं नाही. कोणी काही म्हणालं पण नाही. पातेल्यात आधी न टाकता थोडं मीठ शेवटी टाकायचं, म्हणजे ते वर वर राहतं आणि जिभेला जास्त लागतं. आणि जिथे आंबट आहे तिथे मीठ कमी चालतं हे मला स्वयंपाक करता करताच समजलं, अंबाडीच्या भाजीला, कैरीच्या वरणाला, लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीला कोणी नाव ठेवलं नाही.

या काळात मी बरंच वाचलं, रात्री मोबाईलवर, कारण मला जाणून घ्यायचं होतं की हे कायम असंच जबरदस्तीने खायचं आहे का. तर अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल म्हणून संस्था आहे, चव आणि वास यांच्यावरच काम करते. तिथल्या संशोधकांनी १९८२ साली एक अभ्यास छापला, काही तरुण मंडळींना पाच महिने कमी मिठावर ठेवलं आणि मधूनमधून सूप, बिस्किटं चाखायला दिली. हळूहळू त्यांना कमी खारट सूपच आवडायला लागलं, पूर्वी जे बरोबर वाटायचं ते खारट वाटायला लागलं. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा ते चौदा दिवसांत नव्या होतात पण आवड बदलायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे हे नुसतं जिभेचं काम नाही, एवढं खारट म्हणजे बरोबर अशी डोक्यात एक खूण करून ठेवलेली असते, ती सरकायला वेळ लागतो. मला हे वाचून फार धीर आला. म्हणजे त्रास कायमचा नाही, दोन-तीन महिन्यांचा आहे, आणि हळू गेलं तर तेवढा पण नाही.

आणि तसंच झालं. साधारण अडीच महिन्यांनी शाळेत डबे उघडले, एका मॅडमनी शेवभाजी आणलेली, नेहमी आणतात, आम्ही सगळ्या त्यांच्या डब्यावर तुटून पडतो. मी घास घेतला आणि पाणी प्यायले. मला वाटलं आज त्यांचा हात चुकला. बाकीच्या मजेत खात होत्या. मग मी कोणाला काही न बोलता दुसरीच्या डब्यातली मुगाची उसळ घेतली, ती पण खारट. तेव्हा लक्षात आलं की बदल त्यांच्या डब्यात झालेला नाही.

पण मला सांगायचंय ते खारटाबद्दल कमी आणि भाकरीबद्दल जास्त. आमच्याकडे दादर असते, रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी. लहानपणापासून खाल्ली पण भाकरीला चव असते असं मी कधी धरलंच नव्हतं. भाकरी म्हणजे भाजी उचलायचं साधन. एक दिवस सकाळी शाळेची घाई, भाजी व्हायची होती, तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा तोडून नुसताच तोंडात टाकला, उभ्या उभ्या, गॅस बंद करता करता चघळत राहिले. आणि ती गोड लागली. गूळ साखर असं गोड नाही, कणसातल्या कोवळ्या हुरड्याचं जे गोड असतं ना त्याच्या फार लांबचं, मागे मागे येणारं, आणि कडेला जिथे डाग पडलेला तिथे थोडं कडवट. मी दुसरा तुकडा घेतला, परत तेच. त्याचं कारण आहे, आपल्या लाळेत एक एन्झाईम असतं ते पिठातला स्टार्च तोडून त्याची साखर करायला लागतं, नीट चावलं तर गोडी येतेच, फक्त आधी मी कधी एवढी चावत नव्हते आणि सोबत तिखट-मीठ एवढं असायचं की त्याच्या आवाजात हा आवाज ऐकूच यायचा नाही.

मी संध्याकाळी माहेरी फोन केला, चोपड्याकडे आमचं गाव, आणि मायला सांगितलं की माय, आज मला भाकरी गोड लागली. माय म्हणाली, "दादर गोडच ऱ्हास, तुले आते समजनं."

त्यानंतर एकेक गोष्ट उघडत गेली. काकडीला चव असते आणि गावरान काकडीची वेगळी असते. गिलकं गोडसर असतं. ताकाला मीठ नसलं तरी चालतं, लोण्याचा वास येतो. उडदाच्या डाळीला मातीसारखा एक वास आहे, जो मला आता सगळ्यात जास्त आवडतो. कळण्याच्या भाकरीत मात्र आमच्याकडे ज्वारी-उडीद दळतानाच मीठ टाकायची पद्धत, तर आता मी दळण मिठाशिवाय देते आणि परातीत चिमूटभर टाकते. भरताचं तर काय सांगू. हिवाळ्यात जळगावची ती हिरवी पांढरट मोठी वांगी येतात (२०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यांना, केळीला पण त्याच वर्षी), शेतात पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची लसूण ठेचून, पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर. त्या भरताला धुराचीच एवढी चव असते की मीठ अगदी निम्म्यावर आणलं तरी आबांनी दोनदा मागून घेतलं. भरतापासून मी शिकले की चव काढून घेतली की तिच्या जागी दुसरी काहीतरी चव ठेवायची, जागा रिकामी सोडायची नाही. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, ताजा कुटलेला काळा मसाला, लसूण. बेचव जेवण देऊन कोणाचं आरोग्य सुधारत नाही, माणूस चार दिवस खातो आणि पाचव्या दिवशी हात टेकतो, माझंच झालं होतं तसं.

तिखट मी कमी केलं नाही. तिखट ही चवच नव्हे खरं तर, ते जळणं आहे, मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्या नसांच्या ज्या ठिकाणी जाऊन बसतं ते ठिकाण भाजल्यावर दुखण्याचं आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली ते शोधलं आणि २०२१ चं नोबेल मिळालं त्यांना, दुसऱ्या एका शास्त्रज्ञासोबत विभागून. मला डॉक्टरांनी मिरचीला मनाई केली नव्हती. ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांचं वेगळं.

साखरेचं थोडं वेगळं झालं आणि ते प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. दिवसाला तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सहा चमचे, पंचवीस-तीस ग्रॅम नुसत्या चहातून. दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी करत आणलं. आता अर्धा चमचा पुरतो, दोन चमच्यांचा चहा दिला तर पाकासारखा लागतो, दात शिवशिवतात. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी आणि आमरस समोर आला की मन तसंच धावतं, त्यात काही फरक नाही. मला वाटायचं माझंच मन कच्चं. तर त्याच मोनेलच्या लोकांनी २०१६ मध्ये छापलेलं आहे, तीन महिने साखर बरीच कमी खाणाऱ्यांना तीच खीर जास्त गोड लागायला लागली, पण गोड किती आवडतं त्यात फरक पडला नाही. म्हणजे मिठाची आवड खाली येते आणि गोडाची तेवढी सहज येत नाही. मग मी ठरवलं, आखाजीचा मांडा, म्हणजे ती खापरावरची पुरणपोळी, सोडायचा नाही, वर्षातून एकदा आहे. आमरसात साखर टाकायची तेवढी बंद केली, आंबा स्वतः गोड आहे.

एक अडचण मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. घरात जी बाई स्वयंपाक करते तिची जीभ म्हणजे घराचा काटा असतो. माझा काटाच सरकला. गेल्या श्रावणात नणंदबाई आल्या होत्या मुलांना घेऊन, मी मनापासून शेवभाजी केली, पातोड्या केल्या, चाखून बघितलं, मला एकदम बरोबर वाटलं. जेवताना मुलं नुसती शेव उचलून खात होती आणि नणंदबाई हळूच म्हणाल्या, वहिनी, मीठ असेल तर द्या जरा. मला फार वाईट वाटलं. पाहुणा उपाशी उठला असं वाटलं. तेव्हापासून पाहुणे असले की मी चाखण्यावर विश्वास ठेवत नाही, चमच्याने मोजून टाकते आणि मीठ ताटात वेगळं वाढते.

आणखी एक, दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते कोणी सांगितलं म्हणून आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं होऊ शकतं, डॉक्टरांना विचारूनच. मी आणलं नाही, साधंच मीठ कमी वापरते.

पुडा आता ३६-३७ दिवस जातो. बीपी १२८-८२ च्या आसपास आहे, गोळी चालू आहेच, चालणं पण आहे, त्यामुळे कशाचं किती ते मी सांगू शकत नाही. एचबीएवनसी ५.८.

या आखाजीला माहेरी गेले होते. मायने माझ्यासाठी म्हणून डाळ गंडोरी केली. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला, खूप खारट होतं. मी मान खाली घालून खात राहिले, कारण मायच्या हातचं आहे, आणि मला वाटत होतं की तिची चव नेहमीचीच, मीच दूर गेले. पण भाऊ पण भाकरी जास्त आणि भाजी कमी घेत होता. वहिनीने नंतर ओट्याशी सांगितलं, ताई, वर्षभरापासून त्यांचं मीठ वाढतच चाललंय, आम्ही बोलत नाही. वय झालं की चव कमी लागते, हे मी वाचलेलं होतं पण मायबद्दल कधी डोक्यात आलंच नाही. ती ७४ वर्षांची आहे. तिला मिठाची चव कमी जाणवते म्हणून ती जास्त टाकते, आणि तिचं बीपी तोपर्यंत कोणी कधी मोजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनीने तिला तालुक्याला नेऊन बीपी तपासून आणलं. यायच्या आधी मी तिच्या मिठाच्या डब्यात मोजायचा चमचा ठेवला आणि तिला दाखवला की भाजीला एवढाच. तिने चमचा हातात घेऊन उलटा सुलटा करून बघितला. आता रोज संध्याकाळी फोन करते तेव्हा आधी विचारते आज भाजी कोणती केली, मग विचारते किती चमचे.