गोळी आठची, बँड साडेआठचा

रॉक बँड वेळेवर मंचावर आला असं गोव्यात कुणी सांगितलं, तर ऐकणारा त्याच्याकडे जरा संशयानेच बघतो. तिकिटावर सात छापलेले असतात. सातला मंचावर एक पोरगा माइकमध्ये ‘वन, टू, चेक’ म्हणत असतो आणि दुसरा ड्रमखालचा गालिचा चिकटपट्टीने डकवत असतो. धडधाकट माणसाचं यात काही बिघडत नाही, तो आणखी एक बिअर घेतो. पंचाईत होते ती आठला गोळी, जेवणाआधी इन्सुलिन किंवा मूत्रपिंड बदलल्यानंतर दर बारा तासांनी औषध घेणाऱ्याची. बँडला उशीर चालतो, औषधाला चालत नाही.

तरीही ही मंडळी जातात. फेस्ताला (चर्चच्या सणाला) बँड, लग्नाला बँड, तियात्र या कोकणी नाटकाच्या प्रवेशांमध्ये बँड, अशा प्रदेशात वाढलेला माणूस, शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस यांना ऐकत तरुण झालेला, केवळ फायलीवर संधिवात किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) लिहिलं गेलं म्हणून घरी बसत नाही. ‘या वयात, या तब्येतीत कशाला?’ असं घरचे विचारतात. त्यांना उत्तर देण्यात शक्ती घालवू नये, ती पुढे लागते.

अशा रसिकांच्या बाजूने गोव्यात एक नियम उभा आहे, आणि बाकीचे रसिक त्याच नियमाच्या नावाने बोटं मोडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक निमित्ताने मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण वर्षाला १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे साडेआठला आलेल्या बँडला दीड तासात आटोपावं लागतं. ज्याचे गुडघे दोन तासांवर उभे राहायला तयार नसतात, त्याला यापेक्षा चांगला आयोजक मिळणार नाही.

कार्यक्रम दीड तासाचा असला तरी कॅलेंडरवर तो चार दिवस अडवतो. संधिवाताच्या अनेक रुग्णांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि पुष्कळांना दुसऱ्या दिवशी मळमळ, गळाठा येतो. शनिवारी कार्यक्रम असेल तर शुक्रवारची मात्रा तिथेच राहू द्यावी की वार बदलावा, हे डॉक्टरांना पंधरवडाभर आधी विचारावं. आपल्या मनाने पुढेमागे करण्यासारखं ते औषध नव्हे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसवर असणाऱ्याने त्याच दिवशी रात्री जाऊ नये. यंत्रावरून उतरल्यावर अंगात त्राण नसतं. दुसरा दिवस त्यातल्या त्यात बरा. प्रवेशाचा कागदी पट्टा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्याच हातावर बांधून घ्यायचा, कारण फिस्टुलाच्या हाताला कसलाच आवळ चालत नाही. आणि कुणी प्रेमाने शहाळं पुढे केलं तर हात जोडायचे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. गोव्यात कुणाचं शहाळं नाकारणं सोपं नसतं, पण इथे भीड ठेवून भागत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते फाटक. हणजूण-वागातोर पट्ट्यात संगीत म्हटलं की पोलिसांना अमली पदार्थ आठवतात, आणि ते अगदीच विनाकारण नव्हे. अशा फाटकावर सोमवार ते रविवार असे खण पाडलेली डबी उघडून दाखवायची, आत पांढऱ्या, पिवळ्या, अर्ध्या तोडलेल्या सुट्या गोळ्या! घरी ही डबी मोठी सोयीची. इथे ती जप्तीला निमंत्रण देते. गोळ्या मूळ पट्टीतच न्याव्यात, आणि पट्टी कापायचीच असेल तर नाव व मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे राहील अशी कापावी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाच्या दुकानाची पावती. मोबाइलमधला फोटो हा दुसरा आधार. पहिला नव्हे, कारण उन्हात पडदा दिसत नाही. वेदनेसाठी ट्रामाडोल घेणाऱ्यांनी तर कागदाशिवाय घराबाहेर पडू नये. ते २०१८पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

सुया, पेन, शर्करामापक यांची वेगळी पारदर्शक पिशवी करावी. ‘ये सब अंदर नहीं जाएगा’ हे बाऊन्सरचं ठरलेलं वाक्य. त्याच्याशी वाद घालू नये, आत सोडायचा निर्णय घेण्याचा अधिकारच त्याला नसतो. ‘तुमच्या सुपरवायझरला बोलवा’ एवढंच शांतपणे म्हणावं. त्याहून बरं म्हणजे आठ दिवस आधी आयोजकांना मेल पाठवावा, उत्तर छापून घ्यावं आणि फाटकावर ते आधी दाखवावं. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड असेल तर काम आणखी सोपं होतं. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, सिकल सेल येतात. मधुमेह त्या यादीत नाही, म्हणून मधुमेह्याची सारी भिस्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

रांगेत उभं राहायचं ते ऊन उतरल्यावर. डिसेंबरात गोव्याचा सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. ल्युपसच्या रुग्णाला चारच्या उन्हातली तासाभराची रांग पुढचे कित्येक दिवस भोवू शकते, कारण अतिनील किरणांनी आजार उसळतो. पहिल्या हौशी बँडची तीन गाणी हुकली तर हुकली.

इन्सुलिनचं दुखणं मात्र वेगळंच. वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या आत महिनाभर टिकतं. गोव्यातला थंडीचा दिवस ३२-३३ अंशांवर जातो, आणि स्कूटरच्या डिकीत, इंजिनाच्या डोक्यावर, तर विचारूच नका. तिथे ठेवलेलं पेन बाहेरून नवंकोरं दिसतं, आत औषध नासलेलं असतं आणि साखर का उतरत नाही हे रात्रभर कळत नाही. उलट बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवलं आणि गोठलं, तरीही ते फेकूनच द्यायचं. बाजारात पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात; त्या माठाच्याच तत्त्वावर चालतात, बाहेरचं पाणी उडतं आणि आतलं थंड होतं. देशावर त्या झकास काम करतात. समुद्रकाठच्या दमट हवेत पाणी उडतच नाही धड, त्यामुळे इथे त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. पंच्यात गुंडाळलेली गार पाण्याची छोटी बाटली, तिच्याजवळ पण तिला न टेकवता पेन, आणि पिशवी अंगाशी न धरता सावलीत, ही साधी व्यवस्था चार-पाच तास पुरते.

आता उभं कुठे राहायचं? मंचासमोरच्या कठड्याशी नाही. खऱ्या कानसेनाची जागा मैदानाच्या मध्यावर, आवाजाच्या मिक्सरचं टेबल असतं त्याच्या मागे. ज्या माणसाने सगळा आवाज जुळवलाय तो तिथे बसून ऐकतो, म्हणजे तिथे वाजतंय तेच खरं. टेबलाभोवती लोखंडी कठडा असतो, त्याला रेलता येतं. मागून रेटारेटी कमी, एक सुरक्षारक्षक कायम हजर आणि बाहेर पडायची वाट मोकळी. पेसमेकरवाल्यांनी मात्र स्पीकरच्या ढिगाला टेकू नये. त्यातली चुंबकं जोरदार असतात.

कानांचा हिशेबही करावा. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं. त्यावर दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, तीही १५ मिनिटांच्या सरासरीवर. मंचाजवळ तो आकडा सहज ओलांडला जातो. फोमचे बोळे स्वस्त, पण ते वरच्या पट्टीचे स्वर जास्त खातात आणि गायक घोंगडीत तोंड घालून गातोय असं वाटतं. गाळणी असलेले कानबोळे सगळे स्वर सारखेच, १५ ते २० डेसिबलने, उतरवतात. फोमचाच घालायचा तर तो बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कोंबलेला बोळा दुसऱ्या गाण्याला बाहेर येतो.

उभं राहण्याने चक्कर येणाऱ्यांनी २० ते ३० मिमी दाबाचे लांब मोजे सकाळी अंथरुणातच चढवावेत, पाय सुजण्याआधी. नाचणारा सहसा पडत नाही, पुतळ्यासारखा उभा राहणारा पडतो. पोटऱ्या हलल्या तर रक्त वर चढतं. म्हणून ताल आवडला नाही तरी टाचा उचलत राहावं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की खारट काढा होतो आणि उलटी होते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे पाकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये.

या सगळ्यात चटकन जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे एकाएकी उतरलेली साखर, आणि ती नेमकी रॉकच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही. साखर ७०च्या खाली गेली की माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, घाम फुटतो, विनाकारण भांडतो. वागातोरला रात्री नऊ वाजता असं वागणारे शंभरजण असतात आणि त्यांतले नव्व्याण्णव प्यायलेले असतात. आजूबाजूचे हसतात, कुणी फोटो काढतं, बाऊन्सर उचलून बाहेर नेऊन बसवतो. म्हणून सोबत येणाऱ्या निदान एकाला आधी स्पष्ट सांगून ठेवायचं: मी विचित्र वागलो तर पहिल्यांदा साखर, मग प्रश्न. हातात ‘मधुमेह, इन्सुलिनवर’ असं लिहिलेलं कडं असावं. गळ्यातली पट्टी शर्टाखाली जाते, ती कुणी बघत नाही.

उपाय पंधराचा: १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. १५ ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरीचे तीन भरलेले चमचे, ते घरीच पुड्या बांधून न्यावे. अंधारात चमचा मोजत कोण बसणार? चॉकलेट आणि शेंगदाण्याची चिक्की उपयोगाची नाही, त्यांतली चरबी साखर रक्तात पोचायला उशीर लावते. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असला तरी बेफिकीर राहू नये. त्याचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, घामाने त्याची चिकटपट्टी सुटते, आणि धोक्याची घंटा गिटारच्या आवाजात ऐकू येत नाही. फोन थरथरण्यावर ठेवला तरी बेस गिटारने अख्खं अंगच थरथरत असतं. दर तिसऱ्या गाण्याला डोळ्यांनी बघणं एवढाच खात्रीचा मार्ग.

फेणीचा प्रश्न येतोच. यकृत दारू पचवण्यात गुंतलं की साखर तयार करण्याचं काम मागे पडतं. त्यात दीड तास उड्या मारलेल्या असतात आणि स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. धोका म्हणून पहाटे तीनला, एकट्याला, झोपेत. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये, परतताना गाड्यावर रस आमलेट (तिखट रश्श्यातलं आमलेट) आणि दोन पाव खावेत, आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. क्रोन्सवाल्यांनी (आतड्याला सूज येण्याचा आजार असलेल्यांनी) तो तिखट रस्सा दुसऱ्याला खाऊ द्यावा आणि घरी उकड्या तांदळाची पेज ठेवून यावी.

अपस्मारात उघडझाप करणाऱ्या दिव्यांची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात प्रकाशाने झटका येणारे रुग्ण शंभरात तीनच्या आसपास. झोपमोड आणि चुकलेली गोळी हे जास्त नेहमीचे गुन्हेगार. दिवे लखलखू लागले आणि विचित्र वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावं. नुसते डोळे मिटणं पुरत नाही, पापण्यांतून उजेड आत येतोच. दमेकऱ्यांना मंचावरच्या धुरापेक्षा पायाखालची तांबडी माती जास्त छळते. हजार माणसं एकदम उडी मारतात तेव्हा ती मुखपट्टीतूनही नाकात जाते. वारा ज्या बाजूने येतो तिकडे उभं राहावं, पंप खिशात, पिशवीत नाही.

शौचालयाची जागा आल्या आल्या पाहून ठेवावी. दोन बँडांच्या मधल्या वेळेत तिथे जत्रा असते. आतड्याच्या रुग्णाला जत्रा परवडत नाही. योग्य वेळ ड्रम सोलोची. तो लांबतो, मैदानात सगळीकडून ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे कुणी चुकवले म्हणून बिघडत नाही.

शेवटी परत जाणं. आधी ठरवलेली गाडी नसेल तर रात्री दहानंतर वागातोरच्या अरुंद रस्त्यांवर अडकायला होतं. कदंबची (सरकारी) बस त्या वेळी धरू नये, आणि सांधे सुजलेल्याने पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसायचं धाडस करू नये. कार्यक्रम ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियममध्ये असेल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) जवळ. वागातोरला असेल तर म्हापशाचं जिल्हा इस्पितळ. १०८ सगळीकडे चालतो, पण रुग्णवाहिकेलाही त्याच गर्दीतून यायचं असतं, म्हणून गाडी मैदानाच्या फाटकापासून दूर, मोठ्या रस्त्याकडे तोंड करून लावावी.

‘वन्स मोअर’ थांबून ऐकावं की दोन गाणी आधी निघावं, यावर या मंडळींत कधीच एकमत होत नाही. निघणारे गर्दीच्या आधी गाडीत बसतात. थांबणारे म्हणतात, एवढ्यासाठीच तर चार दिवस मोजले. रविवारी दोघेही बरे असतात. अतिश्रमाने उसळणारा थकवा अनेकांना बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी गाठतो, म्हणून रजा टाकायची ती सोमवारची.