तुम्ही विचारलंत म्हणून: खाऱ्या पाण्यात साग का नको

वडोदऱ्यातल्या मराठी माणसाशी लाकडाचा विषय काढला की तो तांबेकर वाड्यावर येतो. "एकोणिसाव्या शतकातला वाडा, सागाचे खांब अजून उभे आहेत. आणि तुम्ही वलसाडजवळच्या तिथल गावच्या किंवा उंबरगावच्या किनाऱ्यावरच्या पायवाटेला भंगारातल्या प्लास्टिकच्या डब्यांपासून केलेली फळी सांगता?" प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीनं विचारला जातो की विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. तरी एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या लग्नात पंगतीत बसून पुन्हा बोलायला नको.

वाड्याचा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. वर छप्पर असतं, पावसाळ्यात ओल आली तरी दिवाळीपर्यंत सुकते. शिवाय तो साग जुन्या झाडाचा, जवळजवळ सगळा गाभ्याचा. आज वखारीत "वलसाडी" म्हणून जे मिळतं त्यात कमी वयाच्या झाडाचं कडेचं पांढरं लाकूड भरपूर असतं, आणि त्या पांढऱ्यात सागाचा गुण नसतो. त्या खांबाचा दाखला भरतीरेषेखालच्या खांबाला लावणं म्हणजे प्रश्नच बदलणं.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लाकूड कुजतं कमी, खाल्लं जातं जास्त. खाणारा टेरेडो हा दिसायला अळीसारखा असला तरी शिंपल्याच्या जातीतला प्राणी आहे. त्याचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतं, आणि पुढे सगळा संसार आतच. बोगदा कोरतो, त्याला चुन्याचं अस्तर लावतो. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो. हातोडा मारला की बद्द आवाज येतो आणि कापला की आत जाळी. उष्ण खाऱ्या पाण्यात बिनप्रक्रियेचं साधं लाकूड दोन-तीन वर्षांत असं पोकळ होऊ शकतं. सागाचा गाभा जास्त तग धरतो, पण सुटत नाही.

मग "लाकडाला औषध मारा की" असं म्हणणारे येतात. औषध आहे, आणि आपल्याच देशातलं आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण, ज्याला सीसीए म्हणतात, ते १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी शोधलं आणि जगभर वापरलं गेलं. दोन अडचणी. सागाचा गाभा हे औषध पिऊन घेत नाही, ते मुरतं फक्त कडेच्या पांढऱ्यात. आणि आर्सेनिक हळूहळू बाहेर झिरपतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ अखेर थांबवलं गेलं. मुलं अनवाणी धावतात त्या पायवाटेला मी ते सांगणार नाही.

या फळ्या एचडीपीईच्या, म्हणजे डबे आणि पाइप ज्याचे करतात त्या कडक पॉलिथिनच्या. ते प्लास्टिक टेरेडो खात नाही. माझा मुद्दा एवढाच आहे. पूर्वी मी कचरा कमी होतो हे आधी सांगायचो, लोकांना ते आवडायचंही. आता तो मुद्दा मी शेवटी ठेवतो. कचरा जिरवायला म्हणून कुणी समुद्रात फळी ठोकत असेल तर त्यानं ती ठोकू नये. कोयलीच्या रिफायनरीच्या सावलीत वाढलेल्या वडोदऱ्याला प्लास्टिकचं कौतुक शिकवायची गरजही नाही.

आता खरी गोष्ट, जी ऐकून प्रश्नकर्ते खूश होतील. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरची एक पायवाट. फळ्या १२५ × ३० मिलिमीटर, ३ मीटर लांब, काळ्या, पुनर्वापराच्या एचडीपीईच्या. मालात खोट नव्हती. ठेकेदारानं सुतार लावले, आणि सुतारांनी हातात फळी आल्यावर सुतार जे करतात तेच केलं: टोकाला टोक भिडवून, जहाजाच्या डेकसारख्या लांबीनं बसवल्या, दर ५०० मिलिमीटरवर जॉइस्ट (फळीखालची आधाराची तुळई), प्रत्येक जॉइस्टवर दोन स्क्रू, गच्च आवळून. जानेवारीतल्या सकाळचं काम, हवा १५ अंशांच्या आसपास. काम देखणं झालं होतं.

लाकूड उष्णतेनं लांबीत जवळजवळ वाढत नाही. एचडीपीई त्याच्या पंचवीस-तीस पट वाढतं. तोंडपाठ करायचा आकडा असा: मीटरला, दर १० अंशांमागे, सव्वा मिलिमीटर. मेच्या दुपारी काळ्या फळीचा पृष्ठभाग ६०-६५ अंशांवर जातो. म्हणजे ५० अंशांचा फरक, ३ मीटरची फळी, वाढ साधारण १८ मिलिमीटर. जायला जागा कुठे? रेल्वेच्या रुळाला सांधा सोडतात, इथे तो सोडलाच नव्हता. फळी बाजूला जाऊ शकत नव्हती, खाली जॉइस्ट होता, म्हणून ती वर आली. दोन जॉइस्टमध्ये सव्वा-दीड सेंटिमीटरचा फुगवटा. जिथे मधले स्क्रू उपसले तिथे आधारांमधलं अंतर दुप्पट झालं आणि फुगवटा तीन-चार सेंटिमीटरवर गेला. काही ठिकाणी स्क्रूचं डोकं फळीतून आरपार खाली गेलं. पर्यटक अडखळले, कुणाचा गुडघा फुटला, पायवाट दोरी लावून बंद झाली.

यातली सर्वांत त्रासदायक बाब अशी की पाहणी सकाळी आठला ठरायची. आठ वाजता फळ्या थंड, फुगवटा जवळजवळ बसलेला, फक्त भोकं लांबट झालेली. "कुठे आहे तुमचा डोंगर?" असं ठेकेदार विचारायचा. दुपारी दोनला कुणी थांबायला तयार नाही. शेवटी निष्कर्ष काय निघाला, तर माल हलका. माल हलका नव्हता. मालाला लाकूड समजलं गेलं होतं. आणि तेव्हापासून त्या पट्ट्यात प्लास्टिकचं नाव काढलं की हीच पायवाट पुढे केली जाते, जसा इथे तांबेकर वाडा.

काय करायला हवं होतं ते सांगतो. फळी लांबीनं न टाकता आडवी टाका, दीड मीटरपेक्षा लांब नको. ३ मीटरची टाकायचीच असेल तर मधोमध एकाच जॉइस्टवर घट्ट पकडा, बाकी सगळी भोकं लांबट पाडा. ६ मिलिमीटरच्या स्क्रूला टोकाशी १८ मिलिमीटर लांबीचं भोक, वर रुंद वॉशर, स्क्रू टेकेपर्यंत फिरवून पाव फेरा मागे. टोकांमधली फट बसवतानाच्या तापमानावर ठरते: जानेवारीच्या सकाळी १८ ते २०, मेच्या दुपारी २-३ पुरे. थर्मामीटर फळीवर ठेवा, हवेत धरू नका. बाजूची फट ६ ते ८, ती पाणी आणि वाळू जायला.

जॉइस्टचं अंतर हा दुसरा सापळा. साग या प्लास्टिकपेक्षा साधारण दहापट ताठ असतो. ३० मिलिमीटरची सागाची फळी ६०० वर जेवढी वाकते त्याहून ही ३५० वर जास्त वाकते, आणि उन्हात ताठपणा निम्म्यावर येतो. म्हणून ३०० ते ३५०, त्याहून जास्त नाही. वर कायमचं वजन ठेवाल, म्हणजे कुंड्या, सिमेंटची बाकं, तर ती हळूहळू झोळ घेईल आणि वजन काढल्यावर पूर्ववत होणार नाही. याच कारणानं मुख्य सांगाडा मी प्लास्टिकचा सांगत नाही. खांब काँक्रीटचे. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, भरतीच्या पट्ट्याला सर्वांत कडक गटात धरतं: एम ४० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर. त्यात कुणी कंजुषी केली तर फळी टिकेल आणि खांब फुटेल.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ स्वस्त पडतो, किनाऱ्यावर त्याला तांबूस डाग येतात, मग खड्डे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, पैसे त्याचेच. खिळे नकोत, हा माल त्यांना धरून ठेवत नाही. चिकटवायचा विचार सोडा, एचडीपीईला ना गोंद धरतो ना रंग. करवतीचं पातं जाड दातांचं, सावकाश. बारीक दातांनी ते कापलं न जाता वितळतं आणि पात्यालाच चिकटतं.

माल घेताना कापलेलं तोंड पाहा. बाहेरून थंड होताना आतला गाभा आकसतो, मधे पोकळ्या राहतात. बारीक, मधोमध असतील तर चालतील, कडेपर्यंत आलेल्या नकोत. वजन करा: १०० × १०० चा भरीव खांब मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरायला हवा. सातवर आला तर आतून हवा विकत घेताय. तुकडा पाण्यात टाका, बुडाला तर आत पीव्हीसी, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) किंवा माती-खडू आहे. रंग काळाच घ्या. एचडीपीई पाइपच्या मानकात कार्बन ब्लॅक (काजळी) अडीच टक्क्यांच्या आसपास असतं ते उन्हासाठीच. तापेल जास्त, पण तडकणार नाही. आणि इथल्या मकरपुऱ्याच्या दुकानात "डब्ल्यूपीसी", म्हणजे लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण, म्हणून जे गळ्यात मारतात तो बहुधा पीव्हीसीचा फुगीर पत्रा असतो. स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, समुद्राला नाही.

आता तुमच्या बाजूचं बोलतो, कारण तुम्ही ते बोलत नाही, वाडाच धरून बसता. आग. जाड लाकडावर जळताना कोळशाचा थर येतो, आतलं काही वेळ वाचतं. प्लास्टिक वितळतं आणि पेटते थेंब खाली पडतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये टिफनी स्ट्रीटचा धक्का १९९५ मध्ये पुनर्वापराच्या प्लास्टिकचा बांधला आणि १९९६ मध्ये वीज पडून जळाला. वीजनिवारक न लावता किंवा चूल-फटाक्यांच्या जागेजवळ हे वापरायचं असेल तर साग घ्या, मी अडवणार नाही. उलट बाजूही खरी आहे: अमेरिकन लष्करानं २००९ साली नॉर्थ कॅरोलायनात याच जातीच्या मालाचा पूल करून त्यावरून सत्तर टनी रणगाडा नेला. पण तो काच-तंतूंची भर आणि जाड तुळयांचा हिशेब होता, आपल्या ३० मिलिमीटरच्या फळीचा नव्हे.

आणि प्लास्टिकचे कण. पायाखालची वाळू फळी घासते, ऊन वरचा थर भुकटी करतं, ती भुकटी समुद्रात जाते. "तळाला पडलेल्या पिशवीपेक्षा फळी बरी" असं मी म्हणायचो. ते खरं असलं तरी उत्तर नाही, कारण पिशवी गोळा करता येते. झिरपतं म्हणून मी आर्सेनिक नाकारतो आणि हे कण मात्र स्वीकारतो, यात कुणी विसंगती काढली तर माझ्याकडे पलटवार नाही. किनाऱ्यापासून मागे, छपराखालच्या ओटीला मी सागच सांगतो.

बसवताना एवढं मात्र करता येतं: कापायचं, भोकं पाडायची ती वखारीत, किनाऱ्यावर नव्हे. जागेवर पाडावंच लागलं तर खाली ताडपत्री आणि व्हॅक्युम. रंधा आणि पॉलिश पेपर अजिबात नको. उरलेले तुकडे दाणेवाला, म्हणजे भंगार प्लास्टिकचे दाणे करणारा, परत घेतो, पण आत एकही स्क्रू राहिलेला चालत नाही, त्याच्या कटरची पाती जातात. म्हणून स्क्रू चांदणी खाचेचे, टॉर्क्सचे घ्या. फुलीचं डोकं खाऱ्या हवेत झिजलं की फळी कापूनच काढावी लागते.