खारघरची हिरवळ: मृगापासून दवापर्यंतची नोंद

जुलैच्या मध्यावर लॉनवर तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे डाग होते, आणि नर्सरीत तिन्हींवर बुरशीनाशकाची एकच पुडी मिळत होती. पंपाला दोन चमचे, मारा आणि विसरा. पुडी घेतली नाही. आधी डाग नीट बघायचे ठरवलं.

लॉन म्हणजे रो हाऊसच्या मागचा अडीचशे चौरस फुटांचा तुकडा. मेक्सिकन गवत, म्हणजे झॉयसिया. खाली बिल्डरचं डबर, वर नर्सरीची लाल माती. एका बाजूला शेजारच्या आंब्याची सावली, दुसऱ्या बाजूला गच्चीचं पाणी खाली सोडणारा पाइप. डोंगर डोक्यावर असल्याने नवी मुंबईच्या खाडीकडच्या भागांपेक्षा आमच्याकडे पाऊस जास्त, असं आम्हा खारघरकरांचं ठाम मत आहे. मृग सरला की गवताची पाती दिवसचे दिवस सुकतच नाहीत. बुरशीला पात्यावर सलग दहा-बारा तासांचा ओलावा पुरतो, इथे तो आठवडाभर फुकट मिळतो.

जुलै, मधला डाग. परातीएवढा गोल, पेंढ्याच्या रंगाचा, कडेला तांबूस छटा. डागाच्या मध्यात बघण्यासारखं काही नसतं, तिथलं गवत केव्हाच मेलेलं असतं. बघायची ती कड, जिथे हिरवं आणि पिवळं एकमेकांत मिसळतं. सकाळी ऊन चढायच्या आत गुडघ्यावर बसून कडेचं एक पातं चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं. अलगद निघून आलं. वरचा भाग अजून हिरवा, पण देठाशी, जिथे पातं खोडाला बिलगतं तिथे, चॉकलेटी, मऊ आणि कुजलेलं. मूळ मात्र पांढरं, धट्टंकट्टं. भिंगातून त्या कुजक्या भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. हा रायझोक्टोनिया, देठ कुजवणारी बुरशी.

दोन-तीन पाती ओल्या टिश्यूसह डब्यात घालून रात्रभर ठेवली तर धागे आणखी स्पष्ट होतात. पण डब्यात पांढरं काही उगवलं की लगेच निकाल लावू नका. मेलेल्या पात्यावर पोसणाऱ्या इतर बुरश्याही तिथे हौसेने वाढतात. देठाची कूज आणि ओढल्यावर सुटणारं पातं, ही खूण जास्त भरवशाची.

फोटो कर्जतला मामांना पाठवला. त्यांची भातशेती आहे. त्यांचा लगेच फोन.

"अगं, हा तर आमच्या भातावरचा करपा. युरिया मारलास का?"

"मे महिन्यात थोडा टाकला होता, मामा."

"आता दिवाळीपर्यंत पोत्याचं तोंड बांधून ठेव."

मामांची नजर पक्की. भातावरचा पर्णकोष करपा रायझोक्टोनिया सोलानीच करते, आणि गवत झालं तरी भाताचं भावंडच. नत्र जास्त झालं की पाती लुसलुशीत आणि दाट होतात, आतली हवा कोंडते आणि बुरशी एका फुटव्यावरून दुसऱ्यावर चालत जाते. औषधही मग भाताचंच आठवलं: हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, लिटरला २ मिली. ते आंतरप्रवाही आहे, पात्याच्या आत शिरतं, त्यामुळे पावसाळ्यात नुसत्या स्पर्शजन्य औषधापेक्षा उपयोगी. तरी फवारल्यावर काही तास उघाड लागतेच, आणि औषध पात्याला चिकटवून ठेवणारा स्टिकर हवाच. कड धरून बाहेरचं हातभर निरोगी गवतही भिजवलं, कारण बुरशी पुढे तिकडेच निघालेली असते. मात्रा वाढवायचा मोह मात्र नको. या गटातली औषधं गवताची वाढही रोखतात, आणि खुंटलेल्या गवताला डाग भरून काढता येत नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि पातं वाळेपर्यंत मुलं-मांजरं घरात.

पाइपाखालचा पट्टा. इथला डाग गोल नव्हता, पाणी वाहतं त्या दिशेने लांबट. पाती काळपट, चिकट, तेल सांडल्यासारखी, आणि एकमेकांना चिकटून आडवी झालेली. हा पिथियम. मधल्या डागापेक्षा हा कितीतरी घाईचा, एका दमट रात्रीत हातभर पुढे सरकतो. वर पिथियम खरी बुरशीच नाही. त्याची गणती शैवालांच्या नातलगांत होते, आणि म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याच्यावर चालतच नाही. नर्सरीच्या त्या पुडीवर हेच नाव होतं! इथे मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण, लिटरला २ ग्रॅम, डागावर आणि त्याच्या कडेवर.

पण खरं औषध फावडं होतं. पाइपाचं तोंड वळवलं, खाली वीतभर खोल चर खणून खडी भरली आणि पाणी कुंपणाबाहेरच्या गटाराकडे काढलं. माती हाताला चिकटेनाशी झाली, वाफसा आला, तेव्हाच डाग थांबला. निचरा न करता नुसतं फवारत बसले असते तर सप्टेंबरपर्यंत फवारतच राहिले असते.

आंब्याखालची राख. करड्या पुडीसारखं काहीतरी पात्यांवर बसलेलं. शेजारच्या काकूंनी सर्वात जास्त घाबरवलं ते याच्यावरून. बोटाने पुसलं, खाली पातं हिरवंगार. स्लाइम मोल्ड, गवताला काही करत नाही. खराट्याने झाडलं, संपलं.

ऑगस्ट–सप्टेंबर. छत्र्या उगवल्या, उपटल्या. जमिनीत जुनं लाकूड किंवा मुळं कुजत असली की त्या येणारच. मोअर फक्त उघाडीत चालवला, एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं नाही. डागाचा भाग सर्वात शेवटी, कापलेलं गवत कचऱ्यात, आणि ब्लेड स्पिरिटने पुसून. पिथियम तर मोअरच्या चाकांवर बसूनही फिरतो.

ऑक्टोबर. ऊन पडलं आणि मधल्या डागात चहूबाजूंनी धावत्या फांद्या शिरल्या. गार्डन फोर्कने भोकं पाडून वर चाळलेली रेती पसरली. रोगाच्या बुरश्यांना आवर घालणारा ट्रायकोडर्मा आता, गांडूळखतात मिसळून. आधी दिला असता तर हेक्झाकोनॅझोलने त्यालाच मारलं असतं, तोही शेवटी बुरशीच.

नोव्हेंबर. पहाटे दव पडायला लागलं आणि सावलीतल्या पट्ट्यातून चालले की पांढरे मोजे नारिंगी. हा तांबेरा. पात्यावर बारीक फोड, चोळलं की हळदीसारखी पूड. त्याच सुमारास घोडबंदर रोडच्या मैत्रिणीच्या बर्म्युडा गवताच्या लॉनचे फोटो आले: रुपयाएवढे वाळके ठिपके, आणि पात्यावर मध्ये आवळलेला डमरूसारखा डाग, कडा लालसर. हा डॉलर स्पॉट, हाही बुरशीचाच रोग.

आता मामांचं पोतं सोडायची वेळ. जुलैचं दुखणं जास्त खाल्ल्याचं होतं, ही दोन्ही उपाशी गवताची आहेत. चार महिन्यांच्या पावसाने नत्र वाहून गेलेलं, वाढ मंदावलेली, म्हणून एकेक पातं बुरशीच्या तावडीत जास्त दिवस राहतं. माझ्या तुकड्याला सव्वाशे ग्रॅम युरिया, सारखा पसरून लगेच पाणी. वाढ सुरू झाली की तांबेऱ्याची पाती मोअरबरोबर निघून जातात. पाणी संध्याकाळी अजिबात नाही, सूर्य उगवताना. त्याआधी बांबूची लांब काठी गवतावरून फिरवून दव झटकायचं, पाती तासाभराने लवकर वाळतात. मैत्रिणीलाही फवारणी थांबवून हेच करायला सांगितलं आहे.

राहिलं आंब्याखालचं. तिथे मेक्सिकन दर वर्षी विरळ होतं, आणि उन्हाविना कुठलंही औषध त्याला दाट करणार नाही. काकूंची परवानगी मिळाली तर फेब्रुवारीत दोन फांद्या छाटायच्या. नाही मिळाली तर तो पट्टा काढून रुंद पानांचं बफेलो गवत लावणार, त्याला सावली मानवते.