हृदय मेलरोजला, बाकीचा राजा डनफर्मलिनला

आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा एडिनबरातले किल्ले-राजवाडे दोन दिवसांत उरकून तिला स्कॉटलंड-इंग्लंड सीमेकडचे जुने मठ बघायला नेलं. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनहून ट्वीडबँकची गाडी जेमतेम तासाभराची. १९६९ला बंद पडलेला हा मार्ग २०१५ला पुन्हा सुरू झाला. ट्वीडबँकहून मेलरोज सुमारे तीन किलोमीटर. बस आहे, पण पाऊस नसेल तर ट्वीड नदीच्या काठाने चालतच जा.

मेलरोजचा मठ डेव्हिड पहिला या स्कॉटलंडच्या राजाने ११३६मध्ये यॉर्कशरच्या रीव्हो मठातल्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना बोलावून वसवला. पुढे त्याचा सावत्र मुलगा वॉल्थियॉफच इथला मठाधिपती झाला. राजघराणं आणि मठ असे घरगुतीच होते.

गवतात एक छोटा गोल दगड आहे, त्यावर हृदय कोरलेलं. १३२९मध्ये वारलेल्या रॉबर्ट ब्रूस या स्कॉटलंडच्या राजाचं हृदय इथे पुरलंय, असं मानतात. त्याचा सरदार जेम्स डग्लस ते घेऊन धर्मयुद्धाला निघाला आणि १३३०मध्ये स्पेनमध्ये तेबाला मारला गेला. हृदय तेवढं परत आलं. आई दगडाकडे बघत म्हणाली, "हृदय तेवढंच? मग बाकीचा राजा कुठंय?" डनफर्मलिनला, म्हटलं. "म्हणजे दोन ठिकाणी फुलं वाहायची," ती म्हणाली.

मला मात्र इथले डग्लस घराण्यातले लोक जास्त खिळवून ठेवतात. 'लिड्सडेलचा सरदार' विल्यम डग्लस याला टेव्हियटडेलचं शेरीफपद (राजाच्या स्थानिक अधिकाऱ्याचं पद) आपलंच वाटायचं. राजाने ते अलेक्झांडर रॅमझीला दिलं, तेव्हा याने १३४२मध्ये रॅमझीला पकडून हर्मिटेज किल्ल्यात उपाशी मारलं. १३५३मध्ये याच नावाच्या त्याच्या भाऊबंदाने एट्रिकच्या रानात त्याचाच काटा काढला. मारलेला मेलरोजला पुरला, आणि मारणारा, तोवर डग्लसचा पहिला अर्ल, म्हणजे बडा उमराव, झालेला, १३८४मध्ये तिथेच येऊन पडला. त्याचा मुलगा जेम्स १३८८ला ऑटरबर्नला इंग्रजांशी लढताना जिंकता जिंकता मेला, तोही इथेच. त्या लढाईत इंग्रजांच्या मदतीला डरहॅमचा बिशप फौज घेऊन निघाला होता, पण पोचेपर्यंत खेळ खलास. बिशप आणि फौज हे त्या काळी कुणाला खटकत नसे. १३०९मध्ये इंग्लंडातला ऑनिकचा किल्ला पर्सी या इंग्रज सरदार घराण्याला विकणाराही डरहॅमचा बिशपच, अँटनी बेक.

मठ जाळले तेही याच भांडणांत. १३८५मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याने मेलरोज पेटवलं आणि पुढे साधूंना लोकरीच्या जकातीत सूट दिली. आज उभं असलेलं बरंचसं बांधकाम त्यानंतरचं. छपराशी बॅगपाइप वाजवणारं डुक्कर कोरलंय. ते मान मोडेपर्यंत शोधावं लागतं, दुर्बीण असू द्या.

दगड निखळण्याच्या भीतीने या मठांचे काही भाग अधूनमधून बंद ठेवतात. निघण्याआधी संकेतस्थळ बघाच, वर जाणाऱ्या चक्री जिन्याच्या भरवशावर जाऊ नका. तीन-चार ठिकाणं बघायची असतील तर सुटी तिकिटं घेण्यापेक्षा पास परवडतो का, तेही बघा. केल्सोच्या मठाला तिकीट नाही, पण उरलंयही थोडंच. वेळ कमी असेल तर ते सोडा.

ड्रायबर्गचा मठ मात्र सोडू नका. स्कॉटलंडचा कॉन्स्टेबल (त्या काळी राजाचा बडा लष्करी अधिकारी) ह्यू द मॉरव्हिल याने ११५०च्या सुमारास तो उभारला. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या खुनातल्या चौघांत याचाच मुलगा होता! बापाने पुण्य जमवलं, पोराने एका रात्रीत उडवलं, हा आईचा हिशोब. सेंट बॉसवेल्सला उतरून नदीकाठाने चाला, झुलता पादचारी पूल ओलांडा. वाट पावसात निसरडी होते. चांगले बूट घाला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट इथेच पुरलाय.

आमची फजिती इथेच झाली. रविवार होता, मी वेळापत्रक शनिवारचं पाहिलेलं. थांब्यावर पाऊण तास बसल्यावर गावातल्या एका आजींनी सांगितलं की आता बस नाही. टॅक्सी मागवली, ती यायला आणखी अर्धा तास. तेवढ्यात डब्यातल्या दशम्या संपल्या.