क्साकुस्ती

परवा दुपारी जेवण जरा जास्तच झालं आणि सोफ्यावर आडवं पडून मोबाईल चाळताना ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या कुठल्याशा शाळेचा व्हिडिओ लागला, पटांगणात पोरं रांगेत उभी, निळेपांढरे झेंडे आणि जोरात चाललेलं 'मकेदोनिया क्साकुस्ती' हे गाणं. क्साकुस्ती म्हणजे नावाजलेली. मला मात्र त्यातली कुस्तीच ऐकू आली, त्याला मी काय करू.

खोड जुनी आहे. दुसरीत राष्ट्रगीतात 'आशिष मागे' आलं की मी हमखास मान वळवायचो, कारण वर्गात खरंच एक आशिष होता आणि उंचीप्रमाणे तो माझ्या मागेच असायचा. बिचारा दर वेळी दचकायचा. सावधानमध्ये हलतो म्हणून बाईंनी पट्टी मारली, पण का वळतोस ते विचारलं नाही आणि मीही बोललो नाही, इतकी उघड गोष्ट काय सांगायची!

तर ते गाणं. ग्रीसचं राष्ट्रगीत वेगळं, ती सोलोमोसची १५८ कडव्यांची कविता, त्यातली पहिली दोनच म्हणतात ही मेहेरबानी. हे क्साकुस्ती उत्तरेकडच्या मॅसिडोनिया प्रांताचं, सरकारी शिक्का नाही तरी सगळ्यांना पाठ. सिकंदराची भूमी तू, रानट्यांना हाकललंस, आता मोकळी झालीस, असं काहीसं. (सिकंदर आपल्याकडे नशिबाला चिकटला, तिकडे जमिनीला.) आणि कुस्ती तर खरंच झाली की, १९९१ मध्ये शेजारच्या नव्या देशाने मॅसिडोनिया नाव लावलं आणि ग्रीक लोक जे भडकले ते थेट २०१८ च्या प्रेस्पा करारापर्यंत, मग २०१९ ला त्या नावापुढे 'उत्तर' लागलं आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवावी तसं झालं. दोन्हीकडचे पैलवान नाराज.

याच मॅसिडोनिया प्रांतातलं थेस्सालोनिकी ग्रीकांच्या ताब्यात आलं १९१२ च्या ऑक्टोबरात, २६ तारखेला, नेमकं सेंट दिमित्रिओसच्या दिवशी, म्हणजे ग्रामदैवताच्या जत्रेलाच म्हणा ना. त्याआधी तुर्कांचं राज्य. पण तेव्हा त्या शहरात सगळ्यात मोठी वस्ती ना ग्रीकांची होती ना तुर्कांची, ती होती ज्यूंची. कधीकाळी स्पेनने हाकललेले, चारशे वर्षं इथलेच झालेले, घरात लादिनो, म्हणजे त्यांची जुनी स्पॅनिश, बोलणारे. १९४३ मध्ये नाझींनी त्यांना मालगाडीत कोंबून ऑशविट्झला नेलं. परत आले ते अगदी थोडे.

व्हिडिओ परत लावला. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा गाता गाता मान वळवून मागे बघत होता.